एमएस समजून घेताना (भाग ५) : पांढऱ्या डागाच्या आत

गेल्या आठवड्यात आपण एमआरआयवरच्या पांढऱ्या डागांपर्यंत आलो होतो. मल्टिपल स्क्लेरॉसिसचा, म्हणजे एमएसचा रिपोर्ट हातात पडला की पेशंट आणि घरचे आधी डाग मोजतात. ते साहजिकच आहे. पण डाग पांढरा दिसतो तो तिथलं पाणी वाढल्यामुळे. ते सुजेने वाढलं, मज्जातंतूवरचं मायलिनचं आवरण झडल्याने की तंतूच तुटल्याने, हे साधा एमआरआय सांगत नाही. डागांची संख्या सारखी असूनही एक जण जिने चढतो आणि दुसऱ्याला काठी लागते. त्यात डागाच्या जागेचा वाटा असतोच, पण आत नेमकं काय बिघडलं याचाही असतो.

मग मायलिनचाच फोटो का काढत नाहीत? एमआरआय हायड्रोजनचे संदेश टिपतो. मायलिनमधल्या स्निग्ध पदार्थांच्या हायड्रोजनचा संदेश एक मिलिसेकंदही टिकत नाही. नेहमीच्या स्कॅनमध्ये मशीन तो टिपायला लागेपर्यंत संपलेला असतो.

यातून वाट काढली व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात अ‍ॅलेक्स मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९४ साली. मायलिन तंतूभोवती थरावर थर गुंडाळलेलं असतं आणि त्या थरांच्या फटींत थोडं पाणी अडकलेलं असतं. या पाण्याचा संदेश १०-२० मिलिसेकंदांत विझतो, मोकळ्या पाण्याचा त्याच्या कितीतरी पट टिकतो. त्यांनी दर १० मिलिसेकंदांनी, असा ३२ वेळा संदेश टिपला आणि लवकर विझणारा हिस्सा गणिताने वेगळा काढला. निरोगी श्वेतद्रव्यात तो साधारण दहा टक्के भरतो, एमएसच्या डागात घटतो. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: साध्या एमआरआयवर निर्दोष दिसणाऱ्या भागातही तो कमी आढळतो.

हे खरोखर मायलिनच आहे का? २००६ मध्ये कॉर्नेलिया लॉल यांच्या गटाने एमएसच्या पेशंटांचे मृत्यूनंतर मिळालेले मेंदू स्कॅन केले आणि त्याच कापांवर मायलिनला रंगवणारा रंग चढवला. दोन्ही नकाशे चांगले जुळले. एक अडचण मात्र राहतेच. ताज्या जखमेत तुटलेल्या मायलिनचे तुकडे साफ व्हायचे असतात. त्यांच्यातही पाणी अडकलेलं असतं आणि स्कॅन त्यांनाही शाबूत मायलिन म्हणून मोजतो.

तरीही या मोजमापाची फार गरज आहे. आजची औषधं मुख्यतः नवा हल्ला रोखतात, झडलेलं मायलिन परत आणत नाहीत. दुरुस्तीचं औषध शोधायचं तर दुरुस्ती झाली हे जिवंत मेंदूत मोजता यायला हवं. कॅलिफोर्नियात क्लेमास्टिन या अ‍ॅलर्जीच्या जुन्या औषधाची ५० पेशंटांवर चाचणी झाली. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशातला उशीर किंचित घटला. पुढे २०२३ मध्ये त्याच पेशंटांच्या स्कॅनमधून मायलिनचं पाणी वाढल्याचंही दाखवलं गेलं. पण हे औषध दुकानातून आणून स्वतःच्या मनाने घेऊ नका. दुसऱ्या एका चाचणीत, वाढत जाणाऱ्या एमएसच्या काही पेशंटांचं अपंगत्व त्यावर झपाट्याने वाढलं आणि ते देणं थांबवावं लागलं.

हा स्कॅन अजून मुख्यतः संशोधन केंद्रांतच होतो. तोवर एवढं नक्की करा: आपला एमआरआय शक्यतो दर वेळी एकाच केंद्रात, एकाच मशीनवर काढून घ्या आणि जुन्या सीडी टाकून देऊ नका. पुढचा डॉक्टर आधी त्याच मागेल.