नित्य शास्त्रवाचन व त्याचा अर्थ

पुष्कळ ख्रिस्ती घरांत रात्रीं जेवणानंतर पवित्र शास्त्रांतील एखादा उतारा वाचण्याची चाल आहे. चाल उत्तम खरी. परंतु रोजच्या संवयीनें डोळे ओळींवरून सरकतात आणि मन भलतीकडेच असतें, असें होण्याचा संभव मोठा. ग्रंथ मिटल्यावर आज काय वाचलें हें सांगतां येऊं नये, तर त्यास वाचन तरी कसें म्हणावें? म्हणून रोजच्या उताऱ्याचा ख्रिस्ती अर्थ कसा शोधावा, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. कित्येक लोक संकटसमयीं ग्रंथ कोठें तरी उघडतात व दृष्टीस पडेल तें वाक्य देवाचा कौल मानतात. हें शास्त्रवाचन नव्हे. उतारा कोणास व कोणत्या प्रसंगीं सांगितला हें पाहिल्यावांचून एकट्या वाक्याचा अर्थ लागत नाहीं. तसेंच जुन्या करारांतील प्रत्येक शब्दांत ओढूनताणून प्रभु येशूचें नांव शोधणें हेंही योग्य नव्हे. लूककृत शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायांत अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांची कथा आहे. पुनरुत्थित प्रभूनें मोशे व संदेष्टे यांच्यापासून आरंभ करून त्यांस शास्त्र उलगडून सांगितलें. ग्रंथ त्यांच्या परिचयाचाच होता; परंतु ख्रिस्ताचें दुःखसहन व गौरव यांच्या प्रकाशांत तो त्यांस नवा दिसला. ख्रिस्ती अर्थ म्हणजे हाच प्रकाश होय.

आतां उदाहरणादाखल रूथचें पुस्तक घेऊं. त्याचे अवघे चार अध्याय आहेत. आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील मुलांस तें कठीण वाटणार नाहीं. पीक निघाल्यावर शेतांत राहिलेलीं कणसें गोरगरिबांनीं वेचणें, यास आपण सरवा वेचणें म्हणतों. रूथ बेथलेहेमच्या शेतांत सातूचा सरवाच वेचीत होती. हा उतारा वाचतांना तीन प्रश्न विचारावे.

पहिला : त्या काळीं याचा अर्थ काय होता? लेवीयाच्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायांत आज्ञा आहे कीं, धन्यानें शेताच्या कडा संपूर्ण कापूं नयेत. सरवा गरिबांसाठीं व परदेशीयांसाठीं ठेवावा. अर्थात् रूथ भीक मागत नव्हती; देवानें दिलेला हक्क ती घेत होती.

दुसरा : ख्रिस्ताशीं याचा संबंध काय? रूथ मवाबी, म्हणजे परकी, शिवाय विधवा. तरी मत्तयानें पहिल्याच अध्यायांत प्रभूच्या वंशावळींत तिचें नांव घातलें आहे. ज्यास लोक परका म्हणतात, त्यास देव आपल्या घरांत घेतो.

तिसरा : मग आम्हीं आज काय करावें? रात्रीं रूथची कथा वाचून सकाळीं बांधावरील गरीब बाईस हांकून दिलें, किंवा वर्गांत नव्यानें आलेल्या मुलास एकटेंच बसूं दिलें, तर तें वाचन व्यर्थ गेलें. येथेंच वाचनाची खरी परीक्षा आहे.

असा अर्थ एका दिवसांत लाभत नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांस १८९३ सालीं आगगाडींत एका सहप्रवाशाकडून नवा करार मिळाला. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधलें. तथापि वाचन व मनन करून त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तो १८९५ सालीं. पंडिता रमाबाईंनीं तर सामान्य स्त्रियांस समजावें म्हणून हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. १९२२ सालीं देहावसान होण्यापूर्वीं त्यांनीं तें काम तडीस नेलें. आपल्या यवतमाळ शहरींही १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती; पुढें ती पुण्यास गेली. तेथें विद्यार्थी वर्षानुवर्षें शास्त्राचें अध्ययन करीत. परंतु घरच्या वाचनास पदवीची गरज नाहीं. सावकाश वाचणारें मन पुरे.

आईबापांस आमची विनंती आहे कीं, उतारा लहान घ्यावा, मुलांकडून वाचवून घ्यावा व त्यांच्या शंका ऐकून घ्याव्या. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीं रोज एक तरी गोष्ट मनांत धरून निजावें व दुसऱ्या दिवशीं ती आचरून पाहावी. अम्माऊसच्या शिष्यांनीं वाटेवरील अनोळखी पांथस्थास आग्रहानें घरीं नेलें, तेव्हांच भाकर मोडतांना त्यांस प्रभूची ओळख पटली. वाचलेलें कृतींत उतरलें, म्हणजे अर्थ आपोआप उजळतो.