गाव बुडाल्यावर दंडार कुठं उभी राहते?

मागच्या वेळी नाट्यशास्त्रावर बोलत असताना एका श्रोत्यानं विचारलं होतं, नाटक-गाण्यानं मनाचं दुखणं खरंच हलकं होतं का? उत्तर तेव्हा राहून गेलं. आज त्यासाठी आपण भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात जाऊ. तिथं वैनगंगेवर गोसेखुर्द धरण आहे. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. पुढं भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावं बुडिताखाली गेली आणि माणसं पुनर्वसनाच्या गावठाणांत आली. स्थलांतरित म्हटलं की आपल्याला मुंबईला किंवा परदेशी गेलेला माणूस आठवतो. इथं कित्येकांचा तालुकाही बदलला नाही, पण गाव गेलं.

अशाच एका गावठाणात काही वर्षांपूर्वी आम्ही एका शिबिराला गेलो होतो. शहरातून आलेल्या मंडळींनी कागद आणि रंगखडू वाटले आणि बायांना म्हणाले, "मनातलं दुःख काढा." नमुना म्हणून वारली चित्रं ठेवली होती. हेतू चांगलाच होता. पण वारली कला पालघर-डहाणूकडची, वैनगंगेकाठच्या ढिवर बाईला ती परकीच. 'लोककला' म्हटलं की सगळी एकच, हा आपला शहरी समज. कागद बराच वेळ कोरे राहिले. एक आजी हसून म्हणाल्या, "दुख का कागदावर काढाची गोष्ट आहे का जी?"

हा प्रश्न नीट ऐकायला हवा. 'आर्ट थेरपी' हा शब्द इंग्रज चित्रकार एड्रियन हिल यानं 1942 साली वापरात आणला. क्षयानं आजारी पडून तो सॅनेटोरियममध्ये होता, तिथं चित्रं काढण्यानं त्याला आधार मिळाला. म्हणजे एकटा माणूस, खाट आणि कागद. त्या परिस्थितीत ते अगदी योग्यच होतं. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: दुःख 'माझं' असतं आणि ते 'मी' बाहेर काढायचं असतं.

आमच्याकडं भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी वेगळा विचार मांडला. त्याला साधारणीकरण म्हणतात. रंगभूमीवर सीता रडते तेव्हा प्रेक्षकाला जाणवणारा शोक धड त्याचा नसतो, धड परक्याचाही नसतो. तो कुणा एकाचा राहत नाही, म्हणूनच तो सोसवतो आणि त्याची चवही घेता येते. आता हे धानाच्या बांधीत नेऊन पाहा. रोवणीला बाया ओळीनं वाकलेल्या असतात. एकजण गाण्याची ओळ टाकते, बाकीच्या ती उचलतात. गाणं सीतेच्या वनवासाचं असेल, नाहीतर सासरी गेलेल्या लेकीचं. मधेच एखादीचे डोळे भरले तर कुणी विचारत नाही की तुला काय झालं. ती सीतेसाठी रडते आहे, एवढं पुरतं. समुपदेशकाच्या खोलीत हीच सोय नसते, तिथं पहिलाच प्रश्न 'तुम्हाला काय वाटतं?' असा असतो.

त्या आजींना आम्ही एखादं गाणं म्हणायला सांगितलं. दोन ओळी म्हणून त्या थांबल्या. विसरल्या नव्हत्या. गाणं उचलणाऱ्या बाया वेगवेगळ्या गावठाणांत पांगल्या होत्या, आणि बांधीही राहिली नव्हती.

दंडारीचंही तसंच. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत रंगते. पुरुषच लुगडं नेसून बाईची भूमिका करतात. त्या टवाळीत पाटील, सावकार, सरकार सगळ्यांचा समाचार घेतला जातो. राग बाहेर काढायची ही गावानं मान्य केलेली जागा आहे. गाव चार ठिकाणी वाटलं गेलं की नाचे एकीकडं, ढोलकीवाला दुसरीकडं.

उलट उदाहरणही जवळच आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत 1972 पासून आहे. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता, 1999 पासून गोंदियात आहे. ही माणसं देशच गमावून आली, पण एकत्र वसवली गेली. गोंपा उभा राहिला, लोसारचा सण राहिला. ती सुखी आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्या दुःखाला बसायला जागा मिळाली.

पुनर्वसनात 18 नागरी सुविधांची यादी असते. रस्ते, वीज, शाळा, स्मशानभूमी वगैरे. त्या पुऱ्या व्हाव्यात म्हणूनच लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं, तेव्हा दंडारीसाठी आखर मागायचं कुणाला सुचणार? आमच्या मते मात्र ते मागायला हवं. एका जुन्या गावातली घरं शक्यतो एकाच गावठाणात द्यावीत, ही मागणीही मानसिक आरोग्याचीच आहे.

एक गैरसमज नको. ज्याची झोप उडाली आहे, जो जीव देण्याची भाषा बोलतो, त्याला दंडारीवर सोडून चालणार नाही. त्याला डॉक्टर हवा. सरकारची 14416 ही टेली-मानसची हेल्पलाइन आहे, ती गावात माहीत करून द्यावी. फक्त तिथून जो समुपदेशक गावात येईल, त्यानं कागद वाटण्याआधी एवढं विचारावं: तुमच्या जुन्या गावची मंडई कोणत्या दिवशी भरायची, आणि दंडारीत कोण कोण असायचं?