प्रचारकी मजकुराच्या मागावर

प्रचाराच्या क्लृप्त्या लोकांना ओळखता याव्यात, म्हणून 1937 साली न्यूयॉर्कमध्ये एक संस्था निघाली. शिक्का मारणं, गुळगुळीत मोठे शब्द, 'सगळे आमच्याच बाजूला आहेत'... अशा सात क्लृप्त्यांची तिची यादी गाजली. ऐन युद्धात, 1942 मध्ये, संस्था बंद पडली, यादी टिकली.

संगणकाकडे हे काम आलं 2017च्या सुमारास, आणि सुरुवात ढोबळच झाली. एखादं संकेतस्थळ प्रचारकी ठरलं की त्यावरचा प्रत्येक लेख प्रचारकी, मग तो क्रिकेटवरचा का असेना! त्यावर शिकलेली यंत्रं प्रचाराऐवजी त्या संकेतस्थळाची लकब ओळखू लागली. अनोळखी संकेतस्थळ समोर आलं की चाचपडत.

खरं वळण 2019चं. कतारमधल्या संशोधन संस्थेतले जोव्हानी दा सान मार्टिनो, प्रेस्लाव नाकोव्ह आणि सहकाऱ्यांनी साडेचारशेच्या आसपास बातम्या घेतल्या आणि अख्ख्या लेखाऐवजी नेमक्या शब्दांवर खुणा करवून घेतल्या. क्लृप्त्या 18 झाल्या. गंमत म्हणजे खुणा करणाऱ्या माणसांचंच आधी आपसांत जुळेना. त्यांना चर्चेला बसवून एकमत घडवावं लागलं. पुढच्या वर्षीच्या 'सेमइव्हल' या संगणकी भाषा-स्पर्धेत प्रचाराची नेमकी जागा शोधण्यात पहिल्या आलेल्या संघाला 100 पैकी 52 गुणही नव्हते. यंत्राला हसण्याआधी माणसांचं ते न जुळणं आठवावं.

भडक शब्द यंत्राला सापडतात. जवळजवळ एक तृतीयांश खुणा त्यांच्याच होत्या. 'मग त्यांच्या काळात काय झालं?' ही टीव्हीवरच्या चर्चांतली लाडकी पळवाट मात्र निसटते. तिची उदाहरणं कमी, आणि संदर्भ बहुधा लेखाबाहेर.

मग मोठी भाषा-मॉडेलं आली. 2023च्या एका चाचणीत जीपीटी-4 ने इंग्रजीत खास शिकवलेल्या मॉडेलाची बरोबरी गाठली. दुसऱ्या एका चाचणीत अरबीत नेमके शब्द दाखवायची वेळ आली, तेव्हा मात्र खास शिकवलेली लहान मॉडेलंच सरस ठरली. शिवाय 2024 मध्ये अमेरिकी संशोधकांना आढळलं, की जीपीटी-3 ने लिहिलेला प्रचार खऱ्या परकीय मोहिमांतल्या मजकुराइतकाच, जवळपास, पटतो. पोलिसाच्या हातातलं हत्यार चोराकडेही आहे.

सेमइव्हलमधल्या प्रचारविषयक स्पर्धेच्या 2023 च्या फेरीत नऊ भाषा होत्या. 2025 मध्ये तिथल्याच बातम्यांवरच्या अशा एका स्पर्धेत हिंदीही आली. मराठी दोन्हींत नव्हती. पुण्याच्या 'एलथ्रीक्यूब' गटानं 2022 मध्ये द्वेषपूर्ण मराठी ट्वीटचा संच खुला केला, हे मोलाचंच. पण गोड बोलून केलेला प्रचार त्यात सापडायचा नाही. आपल्या विद्यापीठांतल्या पत्रकारिता आणि भाषाविज्ञान विभागांनी मराठी बातम्यांवर अशा खुणा करायचं काम आता हाती घ्यावं.