कटरचं कव्हर बसत नाही? आधी ब्रेक बघा

परवा आपल्यातला एक जण सोसायटीच्या खोलीवर आला. एका हातात चेनसॉ, म्हणजे आपण ज्याला कटर म्हणतो ते मशीन, आणि दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत कटरचं बाजूचं कव्हर. "चेन बदलली, पण कव्हर काय बसत नाय. मशीन गेलं बहुतेक." मशीन गेलेलं नव्हतं. पाच मिनिटांत कव्हर बसलं. चहा घेताना तो म्हणाला, हे पेजवर टाका, दुसऱ्याचा दिवस तरी वाचेल. म्हणून टाकतोय. पण मला हे कसं कळलं ते आधी सांगतो, कारण तेव्हा दिवस नाही, एक होडी जाणार होती.

३ जून २०२० ची दुपार कुणी विसरलेलं नसेल. निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटरचा वारा, झोत त्याहून जास्त. नारळ-सुपारीच्या वाड्या झोपल्या, सुरूची झाडं मुळासकट आडवी. वीज गेली, फोन गेले. होड्या वर ओढलेल्या होत्या ते नशीब. पण आमच्यातली एक होडी वाऱ्यानं घसरून भरतीच्या रेषेपर्यंत खाली आली होती आणि तिच्या नाळेवर सुरूचं झाड पडलेलं. २१ जूनला ग्रहणाची अमावस्या. त्या उधाणाच्या आत झाड कापून होडी वर घ्यायची, नाहीतर तिथल्या तिथं आपटून फुटली असती.

उसनं कटर मिळालं. दोन दिवस चाललं. मग धार गेली. किनाऱ्यावरचं झाड म्हणजे सालीत वाळू, मुळात वाळू, आणि वाळूवर चेन एकदा घासली की मिनिटात बोथट. नवी चेन होती. जुनी काढली, नवी बारवर चढवली, कव्हर लावायला गेलो तर ढिम्म. थोडं आत जायचं आणि अडायचं. ठोकलं, फिरवलं, पुन्हा काढलं. एका पोराला आत गोल लोखंडी पट्टी दिसली. तो म्हणाला, "ही पट्टीच अडतेय. कापून टाकू. ब्रेकशिवाय पण चालतं की मशीन."

खरं सांगतो, मी हो म्हणणार होतो. हॅकसॉ ब्लेड घरी होतं, तेवढ्यावर राहिलं.

रेंज फक्त खिंडीवरच्या टेकडीवर यायची. कव्हर पिशवीत घातलं आणि वर चढलो. माझा भाचा भोपाळला इंद्रपुरीत राहतो, भेलच्या कारखान्याजवळ. मशिनांच्या दुरुस्तीचं काम करतो. लॉकडाउनमुळे बिचारा तिकडेच अडकलेला, इकडे घराचे पत्रे उडालेले. व्हिडिओ कॉल लागेना, म्हणून कव्हरच्या आतल्या बाजूचा फोटो पाठवला. दहा मिनिटांनी फोन आला.

"मामा, कव्हर काढलंत तेव्हा पुढचा दांडा पुढे होता की मागे?"

मला आठवेना. मग आठवलं. कटर खाली ठेवताना मीच दांडा पुढे ढकलून ब्रेक लावला होता. ती सवय चांगलीच आहे. पण ब्रेक तसाच ठेवून कव्हर उघडलं, तिथं चुकलं.

आता हे नीट समजून घ्या. बऱ्याच कटरमध्ये ब्रेक मशीनमध्ये नसतो, त्या बाजूच्या कव्हरमध्ये असतो. आत एक जाड स्प्रिंग आणि पोलादी पट्टी. कव्हर बसलं की ही पट्टी क्लचच्या ड्रमभोवती सैल कड्यासारखी राहते. पुढचा दांडा पुढे गेला की स्प्रिंग सुटते, पट्टी ड्रमला आवळते आणि चेन जागच्या जागी थांबते. ब्रेक लागलेला असताना कव्हर ओढून काढलं की पट्टी रिकाम्या जागेत आणखी आवळते. मग कडं ड्रमपेक्षा लहान होतं. लहान कड्यात मोठा ड्रम जाणार कसा? ठोकून तर नाहीच. उलट पट्टी वाकते. ज्या मशिनांत पट्टी कव्हरमध्ये नसून मशीनवरच असते, तिथं ही भानगड होत नाही. आपल्याकडे दोन्ही प्रकार फिरतात, म्हणून आपलं कव्हर एकदा उलटं करून बघून ठेवा.

भाच्यानं सांगितलं ते असं. कव्हर शिकंज्यात धरायचं. शिकंजा नसेल तर दोन फळ्यांमध्ये घट्ट दाबायचं. आमच्याकडे शिकंजा कुठला, दोघांनी फळ्यांवर पाय देऊन धरलं. काही मशिनांत दांडा कव्हरबरोबरच निघून येतो. तिथं कव्हर पक्कं धरून दांडा जोरात मागे, म्हणजे आपण मशीन धरतो त्या हँडलकडे, ओढायचा. आमच्या मशीनचा दांडा मशीनवरच राहिला होता. मग कव्हरमध्ये दांडा जिथं अडकतो तो छोटा खटका शोधायचा. त्याला पान्यानं पकडायचं आणि ज्या दिशेनं दांडा मागे येतो त्याच दिशेला फिरवायचं. जोर लागतो, स्प्रिंग कडक असते. हातमोजे आणि चष्मा घाला, बोटं पट्टीपासून आणि स्प्रिंगपासून लांब. पाना निसटला तर खटका परत उडतो.

आमचा पाना दोनदा निसटला. तिसऱ्यांदा 'खट्' असा आवाज आला आणि कडं डोळ्यादेखत मोठं झालं. कव्हर एका हातानं बसलं. एवढ्यासाठी अर्धा दिवस गेला होता.

खटका फिरतच नसेल तर आत भुसा आणि चेनच्या तेलाचा चिकट थर बसलेला असतो, आपल्या खाऱ्या हवेत वर गंजही. कोरड्या ब्रशनं आणि काडीनं खरवडून काढा. पट्टीला तेल-ग्रीस लावू नका. आपल्याला गंज दिसला की तेल लावायची खोड आहे, पण तेलकट पट्टी ड्रम धरणार नाही. पट्टी झिजून पातळ झाली असेल, चीर गेली असेल तर ती बदला.

चेन बदलतानाचा क्रम सांगून टाकतो. इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली. दांडा मागे ओढून ब्रेक सोडायचा, चेन हातमोज्यानं बारवर पुढे-मागे सरकते का बघायचं. सरकली तरच नट सैल करायचे. नवी चेन लावताना वरच्या बाजूचे दात बारच्या टोकाकडे तोंड करून असले पाहिजेत. उलटी चेन लावून "कापतच नाही" म्हणणारे मी दोन पाहिलेत, त्यातला एक मी. टोक वर उचलून ताण द्या आणि तसंच धरून नट आवळा. चेन खालून लोंबता कामा नये, पण हातानं सरकली पाहिजे. मग ब्रेक लावून बघा, चेन हलता कामा नये. सोडला की सरकली पाहिजे.

आता त्या पट्टीचं. होडीवरचं झाड कापताना तिसऱ्या दिवशी बारचं टोक आतल्या फांदीला लागलं. दिसलंच नाही, पानं होती. कटर उसळून सरळ तोंडाकडे आला. पूर्ण वेगात चेन सेकंदाला वीसेक मीटर पळते, तेव्हा मागे सरायला वेळ नसतो. डाव्या हाताचं मनगट दांड्यावर आदळलं आणि चेन थांबली. बार कपाळापासून वीतभर लांब होता. कटर माझ्याच हातात होता. पट्टी कापू म्हणणारा पोर समोर फांदी धरून उभा होता. तो काही बोलला नाही, मीही नाही. त्या दिवशी काम तिथंच बंद केलं.

होडी १९ तारखेला वर घेतली.

सोसायटीचा कटर आता खोलीत उजव्या कोपऱ्यात असतो. कव्हरवर पांढऱ्या रंगानं 'आधी ब्रेक सोडा' असं लिहिलंय. नेताना वहीत नाव लिहा, आणि पिशवीतला पाना पिशवीतच परत आणा. मागचा अजून आलेला नाही.