अपरादित्याचा वकील

परळच्या शिलालेखाचा विषय निघाला की बोलणं हमखास त्यातल्या शिवराळ शापवचनाकडे वळतं. 1187 सालचा हा लेख उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी दुसऱ्या अपरादित्याचा. वैद्यनाथाच्या पूजेसाठी एका वाडीचं 24 द्रम्मांचं उत्पन्न त्याने लावून दिलं आणि हे दान बुडवणाऱ्याला थेट मराठीत गाढवाची शिवी घातली. जुन्या मराठीचा पुरावा म्हणून लेखाचं मोल मोठंच. माझं मन मात्र वर्षानुवर्षं अडकलंय ते त्याच गादीवर आधी बसलेल्या पहिल्या अपरादित्यात.

1127च्या वडवली ताम्रपटात त्याची हकिकत आहे. छित्तुक्क नावाच्या शत्रूने कोकण घशात घातलं होतं, सामंत फितूर झाले होते. राजा एकट्याने घोडा आणि तलवार घेऊन चालून गेला. प्रशस्तीकाराची अतिशयोक्ती वजा केली तरी संकट खरंच असणार. अशा धकाधकीतून वर आलेल्या राजाच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीवरची प्रचंड टीका आहे. त्याच स्मृतीवरच्या ‘मिताक्षरे’पेक्षा किती तरी मोठी, पुराणांच्या उताऱ्यांनी गच्च भरलेली. ‘अपरार्क’ म्हणतात ती हीच. पुण्याच्या आनंदाश्रमाने 1903-04मध्ये ती दोन भागांत छापली. पदरच्या पंडितांचा हातभार लागला असेलच, पण एवढं काम हाती घ्यायला राजालाच ग्रंथाची ओढ हवी.

हा टीकाकार पहिला अपरादित्य की परळच्या लेखातला दुसरा, यावर अभ्यासकांत वाद झाला. धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांनी ग्रंथाचा काळ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात धरला. मला तेच पटतं, आणि त्याचं कारण आहे तेजकंठ.

काश्मीरचा कवी मंख याच्या ‘श्रीकंठचरिता’च्या पंचविसाव्या सर्गात एक विद्वत्सभा भरते. स्थळ मंखाचा भाऊ अलंकार याचं घर. गादीवर राजा जयसिंह, म्हणजे 1128 ते 1149 या काळातली गोष्ट. जमलेल्या पंडितांची मंख एकेक करून ओळख करून देतो. त्यात कनौजच्या गोविंदचंद्राचा वकील आहे, आणि कोकणच्या अपरादित्याने, काळ पाहता पहिल्याच, पाठवलेला तेजकंठही. सोपाऱ्याशी त्याचं नाव जोडलेलं आहे. त्याच्याविषयी आपल्याला जवळपास एवढंच ठाऊक. पण खाडीकाठचा हा माणूस झेलमच्या खोऱ्यात पोचला आणि तिथल्या विद्वानांनी त्याला आपल्या पंक्तीला बसवलं, ही गोष्ट परळच्या शिवीइतकीच लोकांच्या तोंडी असायला हवी होती.

पुढचा धागा मुंबईतलाच. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेला गेऑर्ग ब्यूलर 1875मध्ये पोथ्या शोधत काश्मीरला गेला. त्याचा अहवाल 1877मध्ये एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाचा जादा अंक म्हणून निघाला. मंखाच्या त्या सभेचा परामर्श त्यात आहे. काश्मिरी पंडित धर्मशास्त्राच्या निर्णयासाठी ब्यूलरच्या काळीही जो ग्रंथ प्रमाण मानत, तो होता कोकणच्या राजाचा ‘अपरार्क’. ती पोथी तेजकंठानेच तिकडे नेली असावी, असा तर्क आहे. मला तो मनापासून पटतो.