पायाखालचं शास्त्र (भाग ७) : पाऊल वाढतं की पसरतं?

मागच्या भागात टाचेपाशी थांबलो होतो. आज चार बोटं पुढे सरकू, तळव्याच्या कमानीकडे.

माझी भाची अमेरिकेत असते. तीन वर्षांपूर्वी नोकरीतून मोठी सुट्टी काढून तिने ॲपलाचियन ट्रेल ही पायवाट पूर्ण केली. दक्षिणेकडच्या जॉर्जियापासून उत्तरेला मेनपर्यंत, सुमारे ३,५०० किलोमीटर. साडेपाच महिने, पाठीवर १२-१३ किलोंचं बोचकं. घरी आली तेव्हा ८ किलो वजन उतरलं होतं, बोटातली अंगठी निसटत होती, आणि जुने बूट मात्र एकही पायात शिरेना. माझ्या ताईचं निदान तयार होतं : सूज आहे, मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडव. पाय बुडवून झाले, महिने गेले. पाच नंबरचं पाऊल सहा नंबरचं झालं ते झालंच. शेवटी बुटांचे तीन जोड पुण्याला ताईकडे आले. मुलीचे जुने बूट आईने वापरायचे, हा उलटा व्यवहार आमच्या घरात पहिलाच.

अशा महिनोन्‌महिने चालणाऱ्यांमध्ये हा अनुभव नवलाचा नाही. अर्धा नंबर, कुणाचं पूर्ण नंबर पाऊल वाढतं. काहींचं पुढे मूळपदावर येतं, काहींचं येत नाही.

ताईचं निदान अगदीच चुकीचं नव्हतं. सूज असतेच. मी एकदा माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चाललो, तेव्हा पुण्याहून निघून दिवेघाट चढून सासवडला पोचल्यावर बूट काढले, तर घोट्याभोवती मोज्याची वीण जशीच्या तशी उमटली होती. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि सावकाश भरायचा. दिवसभर उभ्याने चाललं की रक्तातलं पाणी झिरपून खाली साठतं, उन्हाने शिरा फुगतात. सासवडला पालखीचा जादा मुक्काम असतो. पाय उशीवर टेकवून पडलो, दुसऱ्या दिवशी बूट पुन्हा बसले. वारी २५० किलोमीटरच्या आसपासची, तीन आठवड्यांच्या आतली. घरी आल्यावर आठवड्याभरात पाऊल होतं तसं झालं.

भाचीच्या पायात घडलं ते निराळं. हाडं लांबली म्हणावीत, तर ती वाढ सोळा-सतराव्या वर्षाच्या सुमाराला संपलेली असते. मग पाऊल लांबलं कसं?

एका पावलात २६ हाडं असतात आणि ती नुसती एकमेकांवर रचलेली नसतात, कमानीत बांधलेली असतात. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. हाडांची कमान म्हणजे धनुष्याचा कामठा आणि हा पट्टा त्याची दोरी. दोरी सैल झाली की कामठा सरळ होऊ लागतो, आणि सरळ झालेला कामठा जमिनीवर लांब भरतो. पाऊल वाढत नाही, पसरतं. लांबीत पसरतं, रुंदीतही पसरतं.

ही दोरी एकटी नसते. हाडांना हाडांशी बांधणारे अस्थिबंध असतात, आणि पोटरीतून निघून घोट्याच्या आतल्या बाजूने खाली उतरणारी एक कंडरा कमानीला वरून उचलून धरते. स्नायू थकले की ही कंडरा ढिली पडते आणि सगळा भार अस्थिबंधांवर येतो. अस्थिबंधाचा स्वभाव पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा. थोडा ताण दिला तर परत येतो. तोच ताण रोज, विश्रांतीशिवाय, महिनोन्‌महिने दिला तर उरलेल्या आयुष्यभर थोडा लांबच राहतो. ३,५०० किलोमीटर म्हणजे ५० लाखांच्या आसपास पावलं, एकेका पायाच्या वाट्याला २५ लाख. त्यात पाठीवरचं ओझं धरा.

आता नंबराचा हिशेब. आपल्याकडे चालणारा नंबर विलायती आहे आणि त्याचं एक घर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साडेआठ मिलिमीटरला किंचित कमी. हे माप जवाच्या दाण्यावरून आलं : तीन दाणे लांबीत ओळीने ठेवले की एक इंच. (आपल्या जुन्या मापांतही जव आहे, पण तिथे तो आडवा मोजतात आणि आठ जवांचं एक अंगुळ होतं.) म्हणजे कमान थोडी खचून पाऊल चार-पाच मिलिमीटर लांबलं, तरी अर्धा नंबर गेला.

हे ज्यांना पटत नसेल त्यांनी घरातल्या बायकांना विचारावं. ‘बाळंतपणानंतर चपला घट्ट झाल्या’ हे वाक्य आपण किती पिढ्या ऐकतो आहोत आणि किती पिढ्या हसण्यावारी नेतो आहोत. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ४९ गरोदर बायकांची पावलं गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी मोजली. २०१३ साली ते निष्कर्ष छापून आले. बहुतेकींची कमान उतरली होती आणि पावलाची लांबी २ ते १० मिलिमीटरपर्यंत वाढली होती. वाढलेलं वजन आणि सैलावलेले बंध, कारण तेच.

म्हणून चालणं वाईट, असा अर्थ कुणी काढू नये. १९९२ साली मंगळूरच्या दोन डॉक्टरांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पाऊल ८.६ टक्के निघालं, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. अनवाणी पावलाचा चवडा रुंद असतो, बोटं सुटी असतात, पण कमान शाबूत असते, कारण तळव्यातले लहान स्नायू रोज राबतात. तेव्हा रुंदावलेलं प्रत्येक पाऊल बिघडलेलं नसतं. फरक ओझ्याचा आणि घाईचा आहे : वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस एकदम बोचकं उचलून रोज ३० किलोमीटर तोडू लागला, तर स्नायू बळकट होण्याआधी बंध ताणले जातात.

स्वतःचं तपासायचं तर ओला पाय कोरड्या शहाबादी फरशीवर ठेवा. एकदा खुर्चीत बसून, एकदा त्याच पायावर उभं राहून. मधली कोरडी खाच दुसऱ्या ठशात किती भरून येते ते बघा.

दुकानात मात्र गोंधळ वेगळाच होतो. पाऊल रुंदीत अडतं आणि विक्रेता लांबीतला पुढचा नंबर काढून देतो. कमान उतरली की चवडाही किंचित पुढे सरकतो, म्हणून बूट जिथे वाकतो आणि पाऊल जिथे वाकतं, त्या दोन जागा जुळल्या पाहिजेत. नुसता अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे का, हे बघून भागत नाही. माप संध्याकाळी, उभं राहून, दोन्ही पायांचं द्यावं. आणि भारी बुटांचं फार कौतुकही नको. याच अमेरिकन वाटेवर १९५५ साली एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या आजी कॅनव्हासचे साधे बूट घालून एकट्या शेवटपर्यंत गेल्या होत्या.

भाची या दिवाळीत आली तेव्हा तिला कोल्हापुरी हवी होती. ताईकडे तिच्या कॉलेजातल्या पावलांचं जुनं माप होतं, वर्तमानपत्रावर पेन्सिलीने काढलेलं. तेव्हा कोल्हापूरला जाणाऱ्या शेजाऱ्याबरोबर असं माप धाडायची पद्धत होती. या वेळी ती स्वतःच कारागिराकडे गेली. त्याने तो कागद जमिनीवर पसरला आणि तिला वर उभं केलं. टाच रेघेवर बसवली. पुढे अंगठा रेघेबाहेर आला, करंगळीच्या बाजूलाही तळवा बाहेर. डाव्या पायाचा जरा जास्तच. त्याने कानावरची पेन्सिल काढून त्याच कागदावर नवी रेघ ओढायला घेतली आणि मान वर न करता म्हणाला, ‘ताई, डाव्याचं धरतो. कातडं उजव्याला नंतर बसेल.’