आज्ञावलींतील नांवांचा शोध

एखाद्या गृहस्थानें वर्षभराच्या वर्तमानपत्रांची चळत पुढें घेऊन ‘कर’ या विषयावरील सर्व मजकूर काढावयाचें ठरविलें, आणि तें काम घरांतील लहान मुलावर सोंपविलें, तर काय होईल? मूल आज्ञाधारक खरें. पण ‘क’पुढें ‘र’ दिसला कीं तें त्याखालीं रेघ ओढील. नोकर, भाकर, शंकर, करवत आणि करमणूक हे सारे शब्द त्याच्या यादींत येऊन बसतील. प्राप्तिकरावरील लेखही तींत असेल, नाहीं असें नाहीं. परंतु तो निवडून काढण्याचे श्रम मूळच्या शोधाहून कमी नसतील. अक्षरें शोधणें निराळें आणि शब्द शोधणें निराळें. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांस या भेदाशीं रोज गांठ पडते.

संगणक जें जें काम करतो, तें मनुष्यानें आधीं लिहून ठेविलेल्या आज्ञांप्रमाणें करतो. हा लिहिलेला मजकूर म्हणजे आज्ञावलीची मूळ संहिता, अर्थात् सोर्स कोड. तींतील प्रत्येक राशीला आणि प्रत्येक कृतीला लिहिणारा एकेक नांव देतो. अशा नांव दिलेल्या कृतीस फंक्शन म्हणतात. फंक्शन एकदां लिहिलें, कीं इतर ठिकाणांहून त्याला नांवानें बोलावून तीच कृति करवून घेतां येते. आणि अशा रीतीनें एके जागीं ठेविलेलें नांव शेंकडों जागीं वापरलें जातें. लिनक्स या सुप्रसिद्ध प्रणालीच्या गाभ्याची संहिता लायनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं प्रथम बाहेर दिली, तेव्हां ती सुमारें दहा हजार ओळींची होती. आज तिनें अडीच कोटि ओळींची मर्यादा ओलांडली आहे. एवढा विस्तार कोणाही एका मनुष्याच्या स्मरणांत मावणें शक्य नाहीं.

नांवांचा माग बिनचूक लागणें कां अगत्याचें, हें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एका पेढीच्या आज्ञावलींत व्याज काढणारें फंक्शन आहे आणि तें आपलें उत्तर रुपयांत देतें. पुढें हिशेबाच्या सोयीसाठीं तें पैशांत द्यावें असें ठरलें. फंक्शनमधील बदल एका ओळीचा. परंतु त्याचें उत्तर घेणारीं ठिकाणें चौदा असलीं आणि त्यांपैकीं तेराच दुरुस्त झालीं, तर चौदाव्या ठिकाणीं एखाद्या कर्जदाराच्या माथ्यावर शंभरपट व्याज बसेल. ही चूक गणिताच्या अज्ञानामुळें होत नाहीं. एक ठिकाण नजरेंतून निसटल्यामुळें होते.

अशा शोधासाठीं सर्वांत परिचित साधन म्हणजे ‘ग्रेप’. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन यांनीं युनिक्स प्रणालीसाठीं तें तयार केलें आणि १९७३ सालच्या युनिक्समध्यें तें समाविष्ट झालें. त्यास एक शब्द आणि फाइलींचीं नांवें सांगितलीं, कीं तो शब्द ज्या ज्या ओळींत असेल त्या ओळी तें छापून देतें. तें जलद आहे आणि विश्वासूही आहे. पण त्याची दृष्टि वर वर्णिलेल्या मुलाचीच. ‘टॅक्स’ हा इंग्रजी शब्द शोधावयास सांगितला, तर तें ‘सिंटॅक्स’ही पुढें आणून ठेवतें. पूर्ण शब्दच पाहावा, अशी अट घालतां येते. तरीही लिहिणाऱ्यानें सहज केलेल्या टिपणांतला शब्द, पडद्यावर छापावयाच्या संदेशांतला शब्द आणि प्रत्यक्ष वापरांतलें नांव, यांत तें भेद करीत नाहीं. नांव कोठें ठेविलें गेलें आणि कोठें नुसतें घेतलें गेलें, हेंही त्यास उमगत नाहीं.

ही उणीव भरून काढणारें ‘सीस्कोप’ नांवाचें साधन बेल प्रयोगशाळेंतच, पीडीपी-११ या यंत्रांच्या काळीं, जो स्टेफन यांनीं रचलें. ‘सी’ ही डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास निर्माण केलेली आज्ञाभाषा. त्या भाषेंतील संहिता न्याहाळण्यासाठीं हें साधन आहे. अनेक वर्षें तें ए. टी. अँड टी. कंपनीच्या युनिक्सबरोबर मिळत असे. पुढें एप्रिल २००० मध्यें सांता क्रूझ ऑपरेशन या कंपनीच्या अनुमतीनें तें खुलें झालें, आणि तेव्हांपासून कोणासही विनामूल्य वापरतां येतें.

सीस्कोप प्रथम सर्व फाइली एकदां वाचून काढतें. टिपणें वगळून, कोणतें नांव कोणत्या फाइलींत, कोणत्या फंक्शनमध्यें आणि कितव्या ओळींत आलें, तेथें त्याची व्याख्या केली आहे कीं त्यास बोलाविलें आहे, याची नोंद तें एका सूचींत करून ठेवतें. ग्रंथाच्या शेवटीं शब्दसूची असते तशीच ही सूची. पुढल्या खेपेस ज्या फाइली बदलल्या असतील तेवढ्याच पुन्हां वाचल्या जातात. बाकींच्या नोंदी जुन्या सूचींतूनच घेतल्या जातात. त्यामुळें शोधाचें उत्तर लागलीच मिळतें.

हें साधन टर्मिनलच्या साध्या पडद्यावर चालतें. त्यास चित्रें नकोत, माउस नको. कळफलकावर ‘सीस्कोप’ हें नांव लिहून त्यापुढें आडवी रेघ आणि मोठ्या लिपींतलें ‘आर’ हें अक्षर दिलें, म्हणजे आंतल्या सर्व फोल्डरांसह सूची तयार होते. नंतर पडद्याच्या खालच्या भागांत प्रश्नांची उतरंड दिसूं लागते. हें नांव कोठें कोठें आलें आहे? त्याची व्याख्या कोठें आहे? हें फंक्शन कोणाकोणास बोलावतें? यास कोण कोण बोलावतें? अमुक मजकूर कोठें आहे? बाणाच्या कळेनें हव्या त्या प्रश्नावर यावें, नांव लिहावें आणि एंटर दाबावें. वरच्या भागांत उत्तरें ओळीनें मांडलीं जातात. प्रत्येक उत्तराच्या आरंभीं एक खुणेचा अंक असतो. तो दाबतांच ती फाइल एडिटरमध्यें, म्हणजे मजकूर दुरुस्त करण्याच्या साधनांत, नेमक्या त्या ओळीवर उघडते. आणि एडिटर बंद करतांच तीच यादी पुन्हां समोर येते. टॅबची कळ दाबून यादी आणि प्रश्न यांमध्यें ये-जा करतां येते. काम संपलें, कीं कंट्रोल आणि ‘डी’ या कळा एकत्र दाबून निरोप घ्यावयाचा.

पेढीच्या उदाहरणांत, व्याजाच्या फंक्शनचें नांव ‘यास कोण बोलावतें’ या प्रश्नापुढें लिहिलें, कीं चौदा ओळींची यादी समोर उभी राहते. एकेक ओळ उघडावी, तपासावी, दुरुस्त करावी आणि पुढच्या ओळीकडे वळावें. स्मरणावर भार टाकण्याचें कारण उरत नाहीं.

तथापि, यादींत जें नाहीं तें जगांतच नाहीं, असें समजणें मात्र धोक्याचें आहे. सी भाषेंत फंक्शनचा पत्ता एखाद्या कोष्टकांत लिहून ठेवतां येतो, आणि पुढें दुसरी आज्ञा त्या कोष्टकांतून पत्ता उचलून फंक्शन चालविते. मूळ नांव तेथें उच्चारलेंच जात नाहीं. लिनक्समध्यें निरनिराळीं उपकरणें चालविणारीं असंख्य फंक्शनें याच रीतीनें कामास लागतात. अशा फंक्शनला कोण बोलावतें, असें विचारलें, तर सीस्कोपची यादी रिकामी येऊं शकते. ती पाहून कोणीं तें फंक्शन निरुपयोगी ठरवून पुसून टाकलें, तर चालतें उपकरण बंद पडेल. म्हणून जाणता मनुष्य या एकाच उत्तरावर विसंबत नाहीं. तो पहिला प्रश्नही विचारतो: हें नांव कोठें कोठें आलें आहे? कोष्टकांतली ती एकाकी ओळ तेव्हां प्रकट होते.

दुसरी मर्यादा याहून खोल आहे. जुन्या आज्ञावलींत जागा वांचविण्यासाठीं वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवण्याची चाल होती. २००० सालीं ते अंक ‘००’ होणार आणि कित्येक आज्ञावली त्यास १९०० समजणार, हें ध्यानांत आल्यावर १९९० नंतरच्या दशकांत जगभर जुन्या संहिता तपासाव्या लागल्या. त्या कामाचा मोठा वांटा भारतांतील संगणक-कंपन्यांकडे आला. यांतील बहुतेक संहिता सी भाषेंत नसून कोबोल या भाषेंत होत्या. परंतु अडचण कोणत्याही भाषेंत तीच. दोनाचे चार अंक करणें अवघड नव्हतें. वर्ष कोठें कोठें दडलें आहे तें हुडकणें अवघड होतें. एका लिहिणाऱ्यानें त्यास इंग्रजी ‘इयर’ म्हटलेलें असे, दुसऱ्यानें नुसतीं दोन आद्याक्षरें लिहिलेलीं असत, तिसऱ्यानें तें तारखेच्या पोटांतच ठेविलेलें असे. नांवें शोधणारें साधन नांवें शोधून देतें; त्यांमागील अर्थ मनुष्यानेंच ओळखावा लागतो.

अलीकडे, विशेषतः २०१६ सालीं मायक्रोसॉफ्टनें त्यासाठीं एक समान संकेत प्रसिद्ध केल्यानंतर, अशी सोय बहुतेक एडिटरांत अंगभूत मिळूं लागली आहे. तरी दूरच्या संगणकावर केवळ टर्मिनल हातीं असतां सीस्कोप आजही उपयोगीं पडतें, आणि लिनक्सच्या संहितेंत त्याची सूची एका आज्ञेनें तयार करण्याची सोयही आहे. साधन नवें असो वा जुनें, तें नांवावरच चालतें. ज्यानें आज आपल्या फंक्शनला नेमकें नांव दिलें आणि एका गोष्टीस सर्वत्र एकच नांव ठेविलें, त्यानें वीस वर्षांनंतर ती संहिता उघडणाऱ्या अनोळखी मनुष्याचें निम्में काम करून ठेविलें आहे.